ऊन, ऊब आणि निश्चल पाणी



या व्याख्यानमालेत आजवर संतकाव्य, नाटक, दख्खनचा इतिहास, भाषेचे प्रश्न अशा विषयांवर बोलणारी मंडळी येऊन गेली. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले. त्यामुळे संयोजकांनी बोलावले तेव्हा, ‘तळ्यावरच्या हिरव्या तवंगाबद्दल बोलले तर चालेल का?’ असे मी चाचरतच विचारले. त्यांनी होकार दिला आणि सगळ्यांना समजेल असे बोला, एवढीच अट घातली. ती पाळण्याचा प्रयत्न करते.

सुरुवात मात्र साहित्यातल्या एका शब्दापासून करते. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेचे स्वरूप सांगताना ज्ञानदेवांनी ‘बाबुळी’चा दाखला दिला आहे. बाबुळी म्हणजे पाण्यावर धरणारे शेवाळ. तिचा जन्म पाण्यातला, आणि तिच्यामुळे दिसेनासे होते तेही पाणीच. ज्ञानदेवांच्या डोळ्यांपुढे नेमकी कोणती वनस्पती होती ते शोधण्यात अर्थ नाही. पण एका जुन्या निरीक्षकाने नेमकी गोष्ट हेरली होती, ती म्हणजे झाकणे. आज मी ज्या जीवाबद्दल बोलणार आहे त्याच्या सामर्थ्याचे मर्म त्यातच आहे. तो तळ्यावर राज्य करतो ते केवळ भराभर वाढून नव्हे, तर वर येऊन बाकीच्यांचा उजेड अडवून.

आपण हैदराबादची माणसे. टँक बंडवरून जाताना एप्रिल-मेच्या सकाळी खिडकीची काच वर करावीशी वाटते, हे कोणाला सांगायला नको. हुसेनसागराचे पाणी काठाशी रंगाच्या डब्यासारखे घट्ट हिरवे झालेले असते. सोळाव्या शतकात, इब्राहिम कुतुबशहाच्या काळात बांधलेले आणि एके काळी या शहराला पिण्याचे पाणी देणारे हे तळे. ‘काय हो बाई, हे उन्हाने होते का?’ असा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला आहे. उत्तर ‘हो’ असे आहे. पण ते ‘हो’ आपल्याला वाटते तितके सरळ नाही, आणि ते कसे सरळ नाही हे समजले नाही तर उपायही चुकतो. तसा माझा स्वतःचा एक उपाय चुकला आहे. त्याची हकीकत पुढे सांगणारच आहे.

आधी या जीवाची ओळख करून घेऊ. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याचे नाव ‘नील-हरित शैवाल’ असे होते. खरे तर हे शैवाल नव्हेच. हे जीवाणू आहेत, पण झाडासारखे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे. म्हणून आता त्यांना सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलजीवाणू म्हणतात. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू प्रथम भरला तो यांच्या पूर्वजांनी, दोन अब्ज वर्षांहून आधी. तेव्हा यांना सरसकट शत्रू मानणे कृतघ्नपणाचे होईल. यांच्यातले काही थोडे मात्र तळ्यात अतोनात माजतात. आपल्याकडच्या तळ्यांत त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे मायक्रोसिस्टिस. याची एकेक पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-सहा पट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. पण अशा शेकडो-हजारो पेशी एका चिकट आवरणात एकत्र राहतात आणि ती वसाहत मात्र डोळ्यांना दिसते. ओंजळीत पाणी घेतले तर त्यात हिरवा रवा तरंगावा तशी.

या देशात त्याकडे लक्ष जाऊन बराच काळ झाला. एस. व्ही. गणपती यांनी दक्षिणेतल्या एका देवळाच्या तळ्याचा अभ्यास करून १९४० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच मायक्रोसिस्टिसच्या ‘कायमच्या’ बहराचा उल्लेख आहे. पुढे उस्मानिया विद्यापीठातले ए. आर. झफर यांनी हैदराबाद परिसरातल्या मत्स्यतळ्यांतल्या शैवालांवर वर्षानुवर्षे काम केले. गणपतींच्या त्या ‘कायमच्या’ शब्दापाशी थोडे थांबू या. युरोपात हा बहर उन्हाळ्याचा पाहुणा असतो. शरद ऋतूत पाणी थंडावले की मायक्रोसिस्टिसच्या वसाहती तळाशी बसतात, गाळावर हिवाळा काढतात आणि पाणी पुन्हा तापू लागले की वर येतात. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्यांची वाढ जवळजवळ थांबते. आपल्या तळ्यांना असा हिवाळाच नसतो. म्हणजे जो जीव तिकडे पाहुणा, तो इकडे घरचाच.

तेव्हा पहिला मुद्दा तापमानाचा. यांतल्या बहुतेकांना पाणी २५ अंशांच्या पुढे गेले की मानवते. एवढ्यावरून ‘उष्णता वाढली की हे वाढतात’ असे म्हणता येते आणि ते खोटे नाही. पण तळ्यात हा एकटा नसतो. निरुपद्रवी हिरवी शैवाले असतात, काचेसारख्या कवचाचे डायाटम असतात. डायाटम गरम पाण्यात मागे पडतात, हे खरे. हिरव्या शैवालांचे काय? नेदरलँड्समधल्या मिकेल ल्यूर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांतल्या अनेक जाती वेगवेगळ्या तापमानांत वाढवून पाहिल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही गटांना मानवणारे तापमान जवळजवळ सारखेच निघाले. प्रयोगशाळेच्या काचपात्रात, ढवळलेल्या पाण्यात, उन्हाळ्याच्या तापमानाला हिरवी शैवाले नीलजीवाणूंना हार जात नाहीत. मग तळ्यात का जातात?

याचे उत्तर पेशीत शोधण्याआधी पाण्यात शोधायला हवे. उष्णता पेशीवर जेवढे काम करते, तेवढेच, कदाचित त्याहून जास्त, पाण्यावर करते.

आपण बंबातले पाणी तापवलेले आहे. वरचे पाणी कढत आणि खालचे कोमट, हा अनुभव जुन्या घरांत वाढलेल्या प्रत्येकाला आहे. गरम पाणी हलके, ते वर राहते. गार पाणी जड, ते खाली. तळ्यातही दुपारपर्यंत तेच होते. उन्हाने वरचा थर तापतो, खालचा गार राहतो, आणि वारा नसेल तर दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. यात आपल्यासारख्या उष्ण प्रदेशाच्या वाट्याला एक जास्तीची गोष्ट येते. ९ अंशांचे पाणी १० अंशांवर नेले तर त्याच्या घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या सुमारे साडेतीन पट फरक २९ अंशांचे पाणी ३० वर नेल्याने पडतो. म्हणजे गार देशातल्या तळ्यात दोन थरांमध्ये तीन-चार अंशांचा फरक असावा लागतो, तेव्हा जेवढी फारकत होते, तेवढी आपल्याकडे एका अंशाने होते. शिवाय गरम पाणी पातळही असते. ३० अंशांच्या पाण्याचा चिकटपणा २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी. अशा पाण्यात जे जड आहे ते अधिक वेगाने बुडते आणि जे हलके आहे ते अधिक वेगाने वर येते.

आता डायाटम आणि पुष्कळशी हिरवी शैवाले पाण्यापेक्षा किंचित जड असतात. पाणी हलत असते तोवर ती तरंगत राहतात, उन्हाळ्यात पंख्याच्या वाऱ्यावर कागदाचे कपटे राहतात तशी. पाणी थांबले की ती हळूहळू खालच्या अंधारात जातात. मायक्रोसिस्टिसचे मात्र उलट असते. त्याच्या पेशींत प्रथिनांच्या भिंतींच्या पोकळ, अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत हवा भरलेली असते.

या कुप्यांचा शोध कसा लागला ते ऐकण्यासारखे आहे. १८९५ च्या सुमारास जर्मनीत क्लेबान आणि त्याच्या समकालीनांनी असा हिरवा तवंग बाटलीत काठोकाठ भरला, घट्ट बूच बसवले आणि बुचावर हातोडीचा एक घाव घातला. दाबाने आतल्या कुप्या चिरडल्या आणि जो तवंग वर तरंगत होता तो खाली बसला. घाव घातल्याबरोबर पाण्याचा रंगही बदलला. त्याआधी ही तरंगण्याची ताकद कशात आहे ते कोणाला ठाऊक नव्हते.

या कुप्यांमुळे तो नुसता तरंगतच नाही, तर वर-खाली ये-जा करतो. दिवसा प्रकाशात तो भरपूर साखर तयार करतो आणि ती पिठूळ स्वरूपात पेशीत साठवतो. साठा वाढला की पेशी जड होते आणि वसाहत खाली उतरते. खाली अंधारात, आणि रात्री, तो साठा खर्च होतो. ओझे उतरते, कुप्या पुन्हा वर ओढतात. एकटी पेशी अशाने फार हळू हलेल. पण वसाहत जितकी मोठी तितका वेग जास्त, आणि मोठ्या वसाहती शांत पाण्यात तासाला मीटरभर अंतर सहज कापतात. म्हणून तवंग पाहायचा असेल तर वाराहीन रात्रीनंतरच्या सकाळी पाहावा. संध्याकाळी नितळ वाटलेल्या तळ्यावर सकाळी हिरवी साय धरलेली दिसते. लोकांना वाटते, एका रात्रीत केवढे वाढले! वाढलेले नसते. पाण्यात आधीच विखुरलेले होते, ते रात्रीतून वर गोळा झालेले असते.

आता प्रकाशाकडे येऊ. वर आलेला हा थर सूर्यप्रकाश आधी घेतो. दाट बहरात हात कोपरापर्यंत पाण्यात घातला तर स्वतःची बोटे दिसत नाहीत. ज्या तळ्यात पूर्वी दोन-तीन मीटरपर्यंत उजेड पोचत होता, तिथे तो वितीवर अडतो. खालच्या हिरव्या शैवालांची आणि तळाशी रुजलेल्या पाणवनस्पतींची उपासमार होते. शिवाय हरितद्रव्याला नीट शोषता न येणारा नारिंगी उजेडही नीलजीवाणूंजवळच्या निळ्या रंगद्रव्याला चालतो. त्यामुळे इतरांनी सोडलेले उष्टेही यांना पुरते. म्हणजे प्रकाश यांच्या बाबतीत दोन कामे करतो. त्यांना पोसतो, आणि तो त्यांनी अडवला म्हणून इतरांना मारतो. बाबुळीने झाकण्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली ती यासाठी.

हे सगळे तर्काने मांडलेले नाही. एका तळ्यात करून पाहिलेले आहे. ॲमस्टरडॅमजवळ न्यूव मेर नावाचे खोल तळे आहे. दर उन्हाळ्यात त्यावर मायक्रोसिस्टिसचा तवंग धरायचा. १९९३ पासून तिथे तळाशी नळ्या टाकून हवेचे बुडबुडे सोडायला सुरुवात केली. ऊन तेच, नाल्यांतून येणारे खाद्यही तेच. फरक एवढाच की पाणी ढवळले जाऊ लागले. मायक्रोसिस्टिसचे राज्य संपले आणि डायाटम व हिरवी शैवाले पुढे आली. त्याची कुपी आता निरुपयोगी झाली होती, कारण वर चढण्याचा त्याचा वेग ढवळण्याच्या वेगापुढे कमी पडत होता. पुढे २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात मोठी उष्णतेची लाट आली. त्या काळातल्या याच तळ्यावरच्या अभ्यासाने दाखवले की, उष्णतेने पेशींची वाढ वाढते हा एक परिणाम. पण त्याबरोबर पाणी स्थिर होते, वारा पडलेला असतो, ढग नसतात, आणि हे सगळे मिळून पारडे तरंगणाऱ्याच्या बाजूने झुकते.

म्हणून ‘उन्हाने होते का?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: ऊन त्याला वाढवते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऊन पाण्याला निश्चल करते, आणि निश्चल पाण्यात जो तरंगू शकतो तो बाकीच्यांच्या डोक्यावर छप्पर घालतो.

यालाही अपवाद आहे. सगळे नीलजीवाणू उन्हाचे भुकेले नसतात. स्वित्झर्लंडच्या झुरिक सरोवरात प्लँक्टोथ्रिक्स नावाचा लालसर नीलजीवाणू उन्हाळ्यात दहा-पंधरा मीटर खोल, मंद उजेडात आणि गार पाण्यात राहतो. त्याला वरचे ऊन सोसत नाही. त्याच देशातल्या मुर्टन सरोवरावर असा लाल तवंग आला की लोक त्याला ‘बर्गंडीचे रक्त’ म्हणत, कारण १४७६ मध्ये तिथे बर्गंडीच्या सैन्याची कत्तल झाली होती. झुरिकमध्ये हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन खोलवर मिसळले की हे जीव तळाकडे ओढले जातात आणि तिथल्या दाबाने त्यांच्या कुप्या फुटतात. क्लेबानची हातोडी तिथे निसर्गच चालवतो. आता हिवाळे उबदार होऊ लागल्याने ते खोल मिसळणे अपुरे राहते आणि अधिक जीव वसंतापर्यंत तग धरतात. म्हणजे इथेही उष्णतेचा फायदा झाला तो पेशीला ऊब मिळून नव्हे, तर पाणी मिसळायचे थांबल्याने.

आपल्या तळ्यांची ‘हातोडी’ कोणती? आपली तळी तेवढी खोल नाहीत. दिवसा थर बनतात आणि रात्री वरचे पाणी निवले की ते खाली जाते, खालचे वर येते. आपल्या तळ्यांचा हिवाळा रोज रात्री येतो असे म्हणता येईल. म्हणून मला दुपारच्या कमाल तापमानापेक्षा रात्रीच्या किमान तापमानाची काळजी जास्त वाटते. लहानपणी आपण गच्चीवर झोपायचो आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यायचो, तो गारवा केवळ आपल्यासाठी नव्हता. रात्र निवली नाही आणि वाराही नसेल, तर तळ्याचे थर पुरते मोडत नाहीत आणि कालचा तवंग आज पुढे चालू राहतो.

आता तुम्ही म्हणाल, ऊन आपल्या हाती नाही, रात्रीची ऊब आपल्या हाती नाही, मग हे ऐकून काय करायचे? इथे तिसरी गोष्ट येते, खाद्याची. ऊन आणि ऊब यांनी ठरते ते केव्हा आणि कोणाचे राज्य. किती, हे ठरते पाण्यातल्या खतावर, मुख्यतः फॉस्फरस आणि नत्रावर. ढोबळ हिशेबाने एक किलो फॉस्फरसावर सुमारे पाचशे किलो ओले शैवाल पोसते. माणसाच्या शरीरातून दिवसाला सुमारे दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. दहा हजार वस्तीच्या एका भागाचा मैला न शोधता नाल्यात गेला, तर रोज पंधरा किलो फॉस्फरस, म्हणजे साडेसात टन हिरव्या तवंगाची शिधासामग्री रोज पोचते. साबण, खरकटे, गोठे यांचे वेगळेच. साधी सांडपाणी केंद्रे घाण आणि वास काढतात, पण फॉस्फरस काढण्याची खास सोय नसेल तर बराचसा पुढे जातोच. गणेशविसर्जनावर आपण दरवर्षी वाद घालतो. मूर्तीची माती आणि रंग, निर्माल्य यांबद्दल काळजी घ्यावी हे मलाही मान्य आहे. पण विसर्जन दहा दिवसांचे, नाला बारा महिन्यांचा.

खाद्य तोडले तर काय होते, हे अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या ईरी सरोवराने दाखवले. साठच्या दशकात ते मरणपंथाला लागले असे लोक म्हणत. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी करार केला, सांडपाण्यातला आणि कपड्यांच्या साबणातला फॉस्फरस कमी केला. ऐंशीच्या दशकात बहर ओसरले. ऊन तेच होते. पुढे शेतांतून वाहून येणाऱ्या खताने, विशेषतः मॉमी नदीतून, फॉस्फरस पुन्हा येऊ लागला आणि बहर परतले. २ ऑगस्ट २०१४ रोजी टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात या जीवांचे विष आढळले आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले.

त्या सूचनेतले एक वाक्य आपण घरी लक्षात ठेवावे असे आहे: पाणी उकळू नका. आपली सवय उलट आहे. पाण्याचा संशय आला की उकळायचे, हे आपल्या आया-आज्यांनी शिकवले आणि पटकी-विषमज्वरासाठी ते अगदी योग्य आहे. पण मायक्रोसिस्टिन हे यकृतावर मारा करणारे विष उकळण्याने जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. प्रत्येक तवंग विषारी असतोच असे नाही, पण नुसते पाहून ते सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात याची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, अशी ठेवली आहे. तेव्हा हिरवा तवंग असलेल्या तळ्यात पोहू नये, मुलांना आणि कुत्र्यांना उतरू देऊ नये, जनावरांना काठच्या साचलेल्या हिरव्या पाण्याशी नेऊ नये.

आणि आता माझी चूक. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलनीमागे एक लहानसा कुंटा होता. एका मार्च महिन्यात तो हिरवागार झाला, वास येऊ लागला. कॉलनीच्या समितीतली मंडळी माझ्याकडे आली. मी बोलूनचालून वनस्पतिशास्त्राची. मी सांगितले, मोरचूद टाका. पुस्तकात तसेच होते. त्यांनी गोणपाटाच्या पिशव्यांत मोरचूद भरून त्या पाण्यातून ओढल्या. दोन दिवसांत पाणी निवळले. लोकांनी माझे कौतुक केले आणि मला ते आवडलेही. चौथ्या दिवशी काठाला पांढऱ्या पोटाचे मासे लागले. पलीकडे म्हशी बांधणारा एक म्हातारा मला म्हणाला, ‘अम्मा, पाणी साफ झाले, मग मासे का मेले?’

मी त्याला मेलेला तवंग कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, असे समजावून सांगितले. ते खरेच होते. पण मी त्याला निम्मेच सांगितले. उरलेले निम्मे मला नंतर वाचनात सापडले. ऑस्ट्रेलियाच्या पाम बेटावर १९७९ मध्ये पाणीपुरवठ्याच्या जलाशयात असाच बहर आला होता. चव आणि वासाच्या तक्रारी आल्या म्हणून त्यात मोरचूद टाकले. काही दिवसांत १४८ लोक आजारी पडले आणि त्यांत बहुतेक मुले होती. पेशी जिवंत असतात तोवर विष बरेचसे पेशीच्या आत असते. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि ते पाण्यात उतरले. पाणी दिसायला स्वच्छ झाले त्याच वेळी ते जास्त धोक्याचे झाले. आमच्या कुंट्याच्या पाण्यात त्या वेळी काय उतरले होते ते कोणी तपासले नाही. त्या म्हशी तेच पाणी पीत होत्या. त्या म्हाताऱ्याला जाऊन, ‘दादा, आठवडाभर म्हशींना इकडे आणू नका,’ एवढे सांगायला हवे होते. तेवढे मला तेव्हा माहीत नव्हते. आणि महिना-दीड महिन्यात कुंटा पुन्हा हिरवा झाला. कारण कॉलनीचा नाला त्यात तसाच पडत होता, आणि त्या नाल्यात माझ्या घराची मोरीही होती.

म्हणून मी तळ्याच्या प्रश्नावर आता औषध सांगत नाही. मला कोणी विचारले तर मी तीन गोष्टी विचारते. सांडपाणी कुठून येते? ते अडवता किंवा शुद्ध करता येईल का? आणि तोवर पाणी हलते ठेवता येईल का? तळे लहान असेल तर तळापासून ढवळणारी हवा उपयोगी पडते. नुसते मध्यभागी उडणारे कारंजे वरचेच पाणी वर उडवते आणि त्याने फारसे साधत नाही. काठाला जमलेला तवंग हाताने काढून दूर नेणे हेही मोरचुदापेक्षा बरे, मात्र हातमोजे घालून. आणि यांतली पहिली गोष्ट केली नाही तर बाकीच्या दोन म्हणजे दरवर्षीचा खर्च.

१९०८ च्या मुसीच्या पुरानंतर या शहराने उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते पाणी प्यायलेले आहे. आपली घराणी इथे तीन-चार पिढ्या राहिली, तेव्हा या तळ्यांवर आपलाही हक्क आहे आणि आपला वाटा त्यांतल्या पाण्यातही गेलेला आहे. दोन्ही अर्थांनी. आपल्या अपार्टमेंटच्या बैठकीत रंगकाम आणि पार्किंग यांच्यावर तासन् तास चर्चा होते. पुढच्या बैठकीत, आपले सांडपाणी शेवटी कुठे जाते, एवढा एक प्रश्न कोणीतरी विचारावा. मी आमच्या इमारतीत तो विचारला तेव्हा उत्तर मिळायला सहा महिने लागले.

बाबुळी हाताने बाजूला केली की खाली पाणी दिसते, आणि हात काढला की ती पुन्हा पसरते. ती पाण्यातच जन्मते हे खरे, पण तिचा शिधा आपल्या घरातून जातो. ऊन आणि ऊब येतच राहणार, येत्या काळात कदाचित जास्तच. तेव्हा शिधा थांबवणे एवढेच आपल्या हातात उरते, आणि ते काम पुढच्या उन्हाळ्याआधी सुरू करता येण्यासारखे आहे.